खाली घेतलेली पोलो आणि वर उरलेली जागा

गाडी खाली घेतली की लोक पहिला प्रश्न एकच विचारतात, किती खाली घेतली? आणि उत्तर बोटांत द्यायचं असतं. टायरच्या वरच्या कडेपासून फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या काठापर्यंत जी फट असते तिच्यात आडवी बोटं घालायची, दोन मावली तर दोन बोटं, एक मावलं तर एक बोट, आणि काहीच मावलं नाही तर त्या गाडीभोवती पोरं जमून फोटो काढतात. मला हे सगळं मनापासून आवडतं, म्हणजे ती फट भरलेली बघायला आवडतं, चाक आणि बॉडी एकमेकांची वाटायला लागतात, गाडी उभी असतानाही निघायच्या तयारीत दिसते. पण कॉइलओव्हर, म्हणजे उंची कमीजास्त करता येणारे शॉकअप-स्प्रिंग, लावलेली गाडी रोज ऑफिसला, भाजीला, घाटात चालवल्यावर माझं ठाम मत झालंय की ती फट मोजून फार काही कळत नाही. मोजायची जागा वेगळी आहे, ती आत आहे, शॉकअपच्या दांड्यावर, शॉकअप पूर्ण दबताना शेवटी अडवणाऱ्या रबरी बंपस्टॉपच्या खाली, जिथे कुणी बोट घालत नाही. चाकाला वर जायला किती मिलिमीटर उरलेत ते सांगा, मग गाडी किती खाली आहे ते कळेल.

माझी पोलो जीटी टीएसआय. चाकणला बनलेली. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला, २०१० मध्ये पोलो बाजारात आली, १.२ लिटरचं टीएसआय टर्बो पेट्रोल इंजिन आणि ७ गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घेऊन जीटी २०१३ मध्ये आली, आणि २०२२ मध्ये पोलोचं उत्पादन थांबलं. आमच्या पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात ही गाडी कुणाच्या तरी भावाने, शेजाऱ्याने लाइनवर उभं राहून जोडलेली असते त्यामुळे तिच्याबद्दल जरा जास्तच जीव. कंपनीने आपल्या रस्त्यांसाठी ती उंच ठेवली, साधारण १६५ मिमीचा ग्राउंड क्लिअरन्स, आणि त्यांचं काही चुकलं नाही, रस्ते बघूनच ठेवली. पण त्या उंचीपायी आणि मऊ स्प्रिंगांपायी ही मूळची इतकी घट्ट बांधलेली गाडी वळणावर कलंडल्यासारखी होते, ब्रेक मारला की नाक खाली घालते, आणि इंजिन जे द्यायला तयार आहे ते चाकापर्यंत नीट पोचत नाही असं सतत वाटत राहतं. मला तेवढंच दुरुस्त करायचं होतं. दिसायला चांगली झाली ते वरचं.

ज्यांनी कॉइलओव्हर हाताळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साधारण गाडीत पुढे शॉकअपच्या अंगाभोवतीच स्प्रिंग बसलेली असते, ह्याला मॅकफर्सन स्ट्रट म्हणतात, अर्ल मॅकफर्सन नावाच्या इंजिनिअरची रचना, १९५० च्या फोर्ड कॉन्सलपासून ती सर्रास झाली आणि आज आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक छोट्या गाडीत पुढे तीच आहे. मूळ स्ट्रटवर स्प्रिंगची खालची ताटली वेल्ड केलेली असते, हलत नाही. कॉइलओव्हरमध्ये शॉकअपच्या बाहेरच्या नळीवर आटे पाडलेले असतात आणि ताटलीच्या जागी एक रिंग असते जी त्या आट्यांवर वरखाली फिरते, तिच्या खाली दुसरी लॉक रिंग. रिंग खाली घेतली की स्प्रिंग खाली, स्प्रिंग खाली की गाडी खाली. पोलोला मागे आडवा बीम आहे, तिथे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा, म्हणून किटमध्ये मागच्यासाठी छोटी आखूड स्प्रिंग आणि तिच्याखाली किंवा वर फिरणारी एक वेगळी बैठक येते. नावाला सगळं कॉइलओव्हर, मागे प्रत्यक्षात तसं नसतं, पण काम तेच.

आता मोजणीचं. जमिनीपासून फेंडरपर्यंत मोजू नका, त्यात टायरची हवा येते, टायर किती झिजलाय ते येतं, फरशीचा उतार येतो. चाकाच्या बरोब्बर मध्यापासून, म्हणजे हबच्या टोपीच्या केंद्रापासून सरळ वर फेंडरच्या काठापर्यंत मोजायचं. माझा आतेभाऊ स्टुटगार्टजवळ राहतो, त्याने हे मला फोनवर समजावलं, कारण तिकडे ह्याच मापावर सगळं चालतं. जर्मनीत नावाजलेलं किट घेतलं की सोबत तपासणीचा एक कागद येतो, त्यात लिहिलेलं असतं की ह्या मॉडेलला अमुक माप ते तमुक माप इतक्याच पट्ट्यात गाडी खाली घेता येईल, किंवा आटे इतके मिमी उरलेच पाहिजेत, मग गाडी तपासणाऱ्याकडे न्यायची, तो टेप लावतो, आणि गाडीच्या कागदावर नोंद होते. सगळं उघड आणि कायदेशीर. केडब्ल्यूसारखी कंपनी १९९५ पासून ह्याच धंद्यात आहे आणि त्यांच्या साध्या व्हेरिएंट १ किटमध्ये तर फक्त उंची बदलता येते, डॅम्पिंग, म्हणजे शॉकअप स्प्रिंगची हालचाल किती आवरतो ते, कारखान्यातून ठरवून दिलेलं, कारण त्यांचं म्हणणं त्या ठरलेल्या पट्ट्यात ते बरोबरच आहे. मला ह्या विचाराचा आदर वाटतो. कितीही खाली जा असं न सांगता इथपासून इथपर्यंत जा असं सांगणारा माणूस मला जास्त विश्वासाचा वाटतो.

मूळ माप माझ्या गाडीचं पुढे ३८५ मिमीच्या आसपास होतं, चारी चाकांना दोन-तीन मिमीचा फरक, तो असतोच. ते वहीत लिहून ठेवलं आणि मगच पाना हातात घेतला.

काम करायला मी भोसरीतल्या एका ओळखीच्या काकांकडे जातो, त्यांच्याकडे जमिनीत खड्डा आहे आणि ते मला स्वतः हात घालू देतात. पावसाळ्यानंतर रिंग फिरवायची म्हणजे आधी अर्धा वेळ साफसफाई. आट्यांमध्ये चिखल वाळून सिमेंटसारखा घट्ट बसलेला असतो, त्यात ब्रेकची काळी धूळ, बारीक खडी. तसंच रिंग फिरवली तर ती खडी आट्यात चेपली जाते आणि ॲल्युमिनियमच्या रिंगचे आटे सोलून निघतात, नळी स्टीलची, रिंग मऊ, हरणार कोण ते ठरलेलंच. म्हणून पितळी ब्रश, लोखंडी नाही, आणि डब्ल्यूडी फोर्टी मारून थांबायचं, परत ब्रश, परत पुसायचं, जुन्या बनियनचा तुकडा आट्यांभोवती गुंडाळून दोन्ही टोकं आलटून पालटून ओढायची, तेव्हा आतली काळी रेघ बाहेर येते आणि आटे चकाकायला लागतात. मग हूक पाना लॉक रिंगच्या खाचेत अडकवायचा, झटका न देता दाब वाढवत न्यायचा, आणि ‘टक्’ करून ती सुटते. ह्यानंतर मुख्य रिंग. खाली झोपून वर बघताना उजवीकडे फिरवली की रिंग वर जाते आणि डावीकडे फिरवली की खाली येते, उभं राहून वरून बघितलं तर बरोब्बर उलटं, म्हणून मी रिंगवर पांढऱ्या मार्करने एक रेघ ओढतो आणि फेरे मोठ्याने मोजतो. माझ्या आट्यांचा पिच २ मिमी, एक पूर्ण फेरा म्हणजे २ मिमी. पुढे मॅकफर्सन स्ट्रट जवळजवळ उभाच असल्यामुळे रिंग १० मिमी खाली तर गाडीही साधारण तेवढीच खाली. मागे तसं नाही, स्प्रिंग चाकाच्या जरा पुढे आणि आत बसलेली असल्यामुळे तिथे १० मिमी फिरवलं तर चाकापाशी १० पेक्षा जास्त फरक पडतो, त्यामुळे मागे हात आखडता ठेवायचा.

काम झालं की गाडी जॅकवरून उतरवून लगेच टेप लावण्यात अर्थ नाही. जॅकवर चाकं लोंबकळताना आत ओढली जातात, खाली टेकल्यावर टायर जमिनीला धरून ठेवतो आणि गाडी खोटी उंच दिसते. पुढे-मागे थोडी ढकलायची, बॉनेटवर आणि डिकीवर दाब देऊन हलवायची, गल्लीत एक चक्कर मारून आणायची, मग मोजायचं. नवी स्प्रिंग असेल तर पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये ती आणखी काही मिमी बसते, तेव्हा परत मोजायचं. आणि एक गोष्ट जी काकांनी शिकवली आणि जी अनेक गॅरेजांत कुणी करत नाही, ती म्हणजे लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या, बुशचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर असतानाच शेवटचे कसायचे. बुशमधलं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं, चाकं लोंबकळत असताना बोल्ट कसले तर गाडी खाली टेकल्यावर ते रबर कायमचं पिळलेलं राहतं, मग काही महिन्यांत फाटतं आणि लोक म्हणतात कॉइलओव्हर लावल्यापासून बुश टिकत नाहीत. खड्डा असल्याचा हाच फायदा, गाडी चारी चाकांवर उभी आणि आपण खाली पाना घेऊन.

‘दादा, अजून दोन फेरे खाली घेऊ ना, एकदम भारी दिसेल,’ काका दर वेळी म्हणतात आणि त्यात त्यांचं प्रेमच असतं. मी म्हणतो, ‘काका, आधी बंपस्टॉप बघू.’

बंपस्टॉप बघायचा म्हणजे शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर, नळीला अगदी टेकून, एक बारीक प्लास्टिकची पट्टी म्हणजे केबल टाय बांधायची. गाडी चालवून आणायची. चाक जितकं वर गेलं तितकी नळी ती पट्टी वर ढकलते आणि खाली येताना पट्टी तिथेच राहते. घरी येऊन वाकून बघितलं की कळतं आज रस्त्याने किती जागा खाल्ली आणि बंपस्टॉपपर्यंत किती उरली. पाच रुपयांची गोष्ट आहे आणि रेसिंगवाले कायम हेच करतात. पट्टी थेट बंपस्टॉपला जाऊन चेपलेली दिसली तर समजायचं की कुठेतरी स्प्रिंगचं काम संपून रबराचं काम सुरू झालं होतं, आणि त्या क्षणी गाडी उडते, पाठीला हिसका बसतो, वळणात असाल तर पुढचं चाक अचानक पकड सोडतं.

ह्यामागचं गणित मला फार आवडतं. समजा मूळ गाडीत बसल्या उंचीपासून बंपस्टॉपपर्यंत ८० मिमी जागा आहे आणि गाडी ३० मिमी खाली घेतली, उरली ५०. तोच खड्डा, तोच वेग, चाकाला वर फेकणारी ऊर्जा तीच, ती आता ५० मिमीत गिळायची आहे. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दबण्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, तर नुसत्या स्प्रिंगच्या हिशेबाने ती साधारण अडीचपट कडक लागेल. अडीचपट कडक स्प्रिंग पुण्याच्या रस्त्यावर कुणालाच नको. मग काय करतात, स्प्रिंग थोडी कडक, डॅम्पिंग थोडं जास्त, बंपस्टॉप मऊ आणि लांबट, आणि उरलेला भाग चालवणाऱ्याच्या शहाणपणावर. म्हणजे रिंगचा प्रत्येक फेरा खाली घेताना तुम्ही कुठून तरी उसने घेताय, आणि परत द्यायची वेळ खड्डा ठरवतो.

इथे दोन प्रकारची किटं असतात हेही सांगायला हवं. एका प्रकारात वर सांगितल्यासारखी स्प्रिंगची रिंगच फिरवून उंची बदलते, त्यात शॉकअपचा स्ट्रोक, म्हणजे त्याची दबायची जागा, खाल्ली जाते. दुसऱ्या प्रकारात, बीसी रेसिंगची तैवानी किटं बघा, खालचा ब्रॅकेटच आट्यांवर असतो, तो आत-बाहेर करून अख्खा शॉकअप आखूड होतो आणि स्प्रिंगची बैठक जिथल्या तिथे राहते. विकणारे सांगतात की ह्यात ट्रॅव्हल जात नाही. शॉकअपपुरतं ते खरं आहे. पण चाक फेंडरच्या जवळ आलंच ना, शॉकअपला जागा उरली तरी टायर आतल्या प्लास्टिकच्या लायनरला घासू शकतो, चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन बदलतो तो बदलतोच. शेवटी मेटलच्या आत तेवढीच जागा आहे. आणि वरचे डॅम्पिंगचे क्लिक, ३० असोत की ३२, त्यांनी उंची बदलत नाही, ते फक्त स्प्रिंग किती वेगाने दबेल-सुटेल ते ठरवतात. हे दोन्ही वेगळे आहेत हे माहीत नसलेली माणसं गाडी खाली घेऊन क्लिक पूर्ण कडक करतात आणि मग गाडी अनवाणी चालल्यासारखा प्रत्येक बारीक खडा सांगत बसते.

आता जे मला खरंच सहन होत नाही ते. स्प्रिंग कापणं. एका मित्राच्या स्विफ्टचं कुठल्याशा गॅरेजने हे करून दिलं होतं, हजार-दीड हजारात काम, गॅसकटर लावून दीड वेटोळं उडवलं, गाडी खाली, मित्र खूश. कापल्याने स्प्रिंग थोडी कडक होते हे खरं आहे, कारण काम करणारी वेटोळी कमी झाली. पण गॅसच्या ज्वाळेने त्या टोकाच्या स्टीलचं पाणी उतरतं, आणि त्याहून वाईट म्हणजे स्प्रिंग आखूड झाल्यामुळे चाक पूर्ण लोंबकळल्यावर ती सैल पडते, बैठकीतून सरकते. त्याच्या गाडीचं एक चाक मोठ्या खड्ड्यावरून क्षणभर हवेत गेलं आणि परत टेकताना स्प्रिंग तिरकी बसून टायरला लागली. वेग कमी होता म्हणून निभावलं. अठरा-एकोणीस वर्षांची पोरं हे करून घेतात, त्यांना कुणी सांगत नाही, आणि ज्याने कापून दिलं त्याला माहीत असायला हवं होतं. पैसे नसतील तर थांबा. दुसरा पर्याय म्हणून चांगल्या कंपनीच्या लोअरिंग स्प्रिंग घ्या, उंची ठरलेली असते, फिरवता येत नाही, पण त्या गाडीसाठी बनवलेल्या असतात.

खाली घेतल्यावर चाकांचे कोन बदलतात त्याबद्दल लिहिण्यासारखं खूप आहे, पण थोडक्यात एवढंच की पुढचा लोअर आर्म मूळ उंचीला हबकडे जरा उतरता असतो, गाडी खाली आली की तो आडवा होतो आणि अजून खाली गेलात तर उलटा चढता होतो. तिथून पुढे गाडीचा रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती बॉडी कलते तो, गाडीच्या वजनाच्या केंद्रापेक्षा जास्त वेगाने खाली घसरतो. दोघांमधलं अंतर वाढलं की कलण्याचा जोर वाढतो. म्हणजे फारच खाली घेतलेली गाडी, स्प्रिंग कडक नसेल तर, वळणावर आधीपेक्षा जास्त कलू शकते. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी रात्री कागदावर आर्म आणि स्ट्रटच्या रेघा काढत बसलो होतो, इतकं सुंदर वाटलं ते. स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या टाय रॉडचा कोनही बदलतो, मग खड्ड्यावर चाक वर जाताना आपोआप थोडं वळतं आणि स्टिअरिंग हातात फडफडतं, ताम्हिणीच्या ठिगळं मारलेल्या पट्ट्यात हे लगेच कळतं. म्हणून पुढची उंची बदलली की अलाइनमेंट, त्याच आठवड्यात, टाळाटाळ न करता. नाहीतर टायरची आतली कड सहा महिन्यांत तारांपर्यंत जाते आणि बाहेरून टायर नवा दिसतो. अलाइनमेंटला जाताना ड्रायव्हर सीटवर आपल्या वजनाचं काहीतरी ठेवायला सांगा, ते हसतील, हसू द्या. चारी कोपरे एकमेकांशी बांधलेले असतात, एकाच कोपऱ्याची रिंग वर घेतली तर तिरका समोरचा कोपराही जास्त वजन घेतो, डगमगणाऱ्या टेबलाच्या एका पायाखाली कागद सारल्यावर होतं तसं.

आणि स्पीडब्रेकर. हा आपल्याकडचा खरा परीक्षक. इंडियन रोड्स काँग्रेसचं १९८८ चं मानक होतं, आयआरसी ९९, २०१८ मध्ये ते सुधारलं, पण मूळ मानकानुसार गोल स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येचा असावा, ताशी २५ किमीने आरामात ओलांडता येईल असा. मी बसून हिशेब केला. पोलोच्या दोन चाकांमधलं अंतर अडीच मीटरच्या जरा आत. इतक्या रुंद उंचवट्यावर पुढचं चाक एका उतारावर आणि मागचं दुसऱ्या, म्हणजे गाडी स्वतःही वर उचलली जाते, आणि पोटाखालची जागा जेमतेम साडेचार सेंटिमीटरने कमी होते. ३० मिमी खाली घेतलेली गाडी, खाली १३५ मिमी, त्यातून ४५ गेले, तरी ९० उरतात. काही लागत नाही. म्हणजे मानकाप्रमाणे बांधलेल्या स्पीडब्रेकरवरून खाली घेतलेली गाडी निवांत जाते! पण आपल्याकडे गल्लीत रातोरात जो डांबराचा ढीग पडतो, मीटरभर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर उंच, तो दोन चाकांच्या मधोमध येतो तेव्हा गाडी दोन्ही बाजूंना सपाट जमिनीवर असते आणि अख्खे पंधरा सेंटिमीटर पोटातून वजा होतात. तिथे कंपनीच्या उंचीची गाडीही चार माणसं बसलेली असतील तर घासते. तेव्हा लोअर केलेल्या गाड्यांनाच नावं ठेवायची असतील तर आधी त्या ढिगाकडे बघावं, ॲम्ब्युलन्समधल्या पेशंटलाही तोच ढीग लागतो. मी तरी आमच्या वॉर्डात ह्याबद्दल अर्ज करत असतो.

एक जुना नियम मी स्वतःला लावून घेतलाय. कॅलिफोर्नियात १९५० च्या दशकाअखेरीस लोरायडर, म्हणजे जमिनीलगत खाली घेतलेल्या, गाड्यांना आवर घालायला कायदा केला होता की गाडीचा कुठलाही भाग रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली असता कामा नये. त्या कायद्याचा वापर तिथल्या मेक्सिकन-अमेरिकन पोरांना छळायला झाला आणि अलीकडे तो काढूनही टाकला, ते योग्यच झालं. पण माप म्हणून त्यात तथ्य आहे. टायर फुटला आणि गाडी रिमवर आली तर काहीही जमिनीला घासू नये, विशेषतः ऑइलचं चेंबर. १८५/६० आर १५ टायरची साइडवॉल १११ मिमी, वजनाखाली त्याहून कमी, त्यामुळे माझ्या उंचीला चेंबर रिमच्या कडेच्या बऱ्यापैकी वर राहतं. चेंबर फुटलं तर ऑइल जातं आणि ऑइल गेलं तर इंजिन, आणि ह्या पोलोचं उत्पादन तर बंदच झालंय.

बाबा मागच्या सीटवर बसतात तेव्हा मात्र सगळे आकडे पुन्हा मांडायला लागतात. त्यांना मणक्याचा त्रास आहे, ते तक्रार करत नाहीत, फक्त मोठ्या खड्ड्याआधी समोरच्या सीटला हात लावतात. मागे दोघं आणि डिकीत बॅगा धरल्या तर मागच्या चाकांवर दीडशे किलो वाढले, एका बाजूला पाऊणशे, आणि चाकापाशी ३ किलो प्रति मिमीचा कडकपणा असेल तर गाडी मागे २५ मिमी बसली. एकट्याने चालवताना जी ५० मिमी होती त्यातली निम्मी रस्त्यावर येण्याआधीच गेली. म्हणून मी मागची उंची ठरवताना रिकामी गाडी धरतच नाही, घरची माणसं बसलेली धरतो. आईने एकदा विचारलं, ‘ही गाडी तू आमच्यासाठी वर करतोस का रे?’ म्हटलं हो. रिंग त्यासाठीच तर आहे.

कायद्याचं सरळ लिहितो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, नोंदणीत असलेल्या कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळा पडेल असा बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही असं आहे. किट घेण्याआधी हे माहीत असावं, विमा कंपनीला लेखी कळवावं, मूळ शॉकअप आणि स्प्रिंग तेल लावून जपून ठेवावेत, माझे माळ्यावर आहेत. पण मला मनापासून वाटतं की आपल्याकडेही आतेभावाच्या गावासारखी तपासणीची सोय हवी. कुठलं किट, किती मिमी, कुणी बसवलं, अलाइनमेंटचा कागद, सगळं बघून फी घेऊन नोंद करा. आज स्प्रिंग कापणारा आणि मोजूनमापून रिंग लावणारा दोघेही कायद्याला सारखेच दिसतात, आणि त्यामुळे पोरांना नीट करण्याचं काही कारणच उरत नाही.

सध्या पुढे ३५८ मिमी आहे, मागे त्याहून जरा जास्त, केबल टायची पट्टी रोजच्या रस्त्याला बंपस्टॉपच्या बोटभर खाली थांबते. गणपतीला ताम्हिणी उतरून माणगावमार्गे गावी जायचंय, आम्ही चौघं, मखराचं सामान, परतताना नारळ. आदल्या शनिवारी काकांकडे खड्डा सांगून ठेवलाय, मागची रिंग पाच फेरे वर, बैठकीवर १० मिमी म्हणजे चाकापाशी थोडं जास्त, मागे बीम असल्याने कोन फारसे हलत नाहीत, टायरमधली हवा माणसं-सामानाने भरलेल्या गाडीसाठी दिलेल्या आकड्यानुसार, आणि सामान भरून झाल्यावर भिंतीसमोर उभी करून हेडलाइटचा झोत बघायचा. पुढच्या रिंगला ह्या वेळी हात लावणार नाही.